तारेच्या दुसऱ्या टोकाला विहीर

मोडेम हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला ते कुठल्याशा औषधाचं नाव वाटलं होतं. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. बी.एस्सी. होऊन मी नगरच्या एका लहानशा सरकारी कचेरीत सहायक म्हणून लागले होते. नद्यांच्या पाण्याची मोजदाद ठेवणं हे आमचं काम. पण मोजायला नद्यांत पाणीच नव्हतं, अशी ती वर्षं होती. माणसं खडी फोडायला जात होती, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळत होती, आणि आम्ही कोरड्या पात्रांपुढे शून्य लिहीत बसलो होतो. मग दुष्काळ सरला, नद्या वाहू लागल्या, आणि त्याच पावसाळ्यात आमच्या कचेरीत परदेशातून दोन लाकडी पेट्या येऊन पडल्या.

मुळा नदीच्या काठी, पारनेर तालुक्याच्या उत्तरेच्या टोकाला, आमची एक विहीर होती. पाणी भरायची नाही, मोजायची. तिच्या तळाशी एक मोठा नळ नदीत उघडत होता, त्यामुळे नदीत जेवढं पाणी तेवढंच विहिरीत. विहिरीच्या तोंडावर दगडी खोली बांधलेली. खोलीच्या फरशीतल्या भोकातून एक बारीक पोलादी तार खाली सोडलेली आणि तारेच्या टोकाला पत्र्याचा पोकळ डबा पाण्यावर तरंगत असे. त्याला सगळे फ्लोट म्हणत. पाणी चढलं की फ्लोट चढायचा, वर खोलीतली कप्पी फिरायची, आणि कप्पीला जोडलेलं यंत्र पाण्याची उंची आकड्यात सांगायचं. हा आकडा नगरपर्यंत आणायचं काम मोडेमचं. आकड्याचे सूर करायचे, ते टेलिफोनच्या तारेवरून सोडायचे, आणि आमच्या टोकाला तशाच दुसऱ्या डब्याने त्या सुरांचे पुन्हा आकडे करून टेलिप्रिंटरवर छापायचे. घाटात पाऊस झाला की खालच्या लोकांना वेळेवर कळावं, हा सगळ्याचा हेतू.

साहेबांनी पेट्या उघडायच्या दिवशीच मला बजावलं होतं, "बाई, हे जळालं तर दुसरं मिळायचं नाही. आणि का जळालं त्याचा खुलासा दिल्लीला करावा लागेल."

मी तात्पुरत्या नोकरीवर होते. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की माझी बोटं गार पडायची. डब्याच्या पाठीमागे बारीक बारीक स्विचांची ओळ होती आणि सोबतच्या इंग्रजी पुस्तकात प्रत्येकाबद्दल अर्धं पान. कुठल्या टोकाने विचारायचं आणि कुठल्याने उत्तर द्यायचं, आकडे किती वेगाने सोडायचे, सूर किती मोठा ठेवायचा. दोन्ही टोकांचं जुळलं नाही तर टेलिप्रिंटर भलतंसलतं छापत सुटायचा. झाकण काढून आत हात घालताना मी दर वेळी श्वास रोखून धरत असे. घरी गेल्यावरही जेवताना वाटायचं, आपण बटण बंद केलं की नाही? दोनदा तर मी सायकल काढून परत कचेरीत जाऊन बघून आले.

चाचणीच्या दिवशी नदीकाठच्या टोकाला आमचे ओव्हरसियर जात, एरवी कचेरीतच असत. आमच्याकडे ओव्हरसियरला रावसाहेब म्हणायची रीत, म्हणून मीही त्यांना रावसाहेबच म्हणत असे. पस्तिशीचे असतील. पाथर्डीकडचे, उंचेपुरे, आवाज खणखणीत. बायको आणि दोन लहान मुली कचेरीमागच्या गल्लीतच राहत. माझी अवस्था त्यांच्या लक्षात आली होती. ते म्हणाले, "बाई, तुम्ही मशीनला घाबरता, मी साहेबांना घाबरतो. दोघं मिळून करू, होऊन जाईल."

खरंच तसं झालं. पहिल्या दिवशी दोन्ही डबे 'विचारा'वर होते. दोघंही विचारतायत आणि उत्तर कोणीच देत नाही. रावसाहेब टेलिफोनवर इतके हसले की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. मग एकेक स्विच फिरवत, एकमेकांना वाचून दाखवत, आम्ही ते यंत्र वळणावर आणलं. तार एकच होती. डब्यावरचा मोठा स्विच 'बोलणे'वर असला की आम्ही बोलायचो. तो 'आकडे'वर फिरवला की माणसांचा आवाज तुटायचा आणि तारेवर सूर सुरू व्हायचे. एक उंच आणि एक खालचा, असे दोन सूर, एकमेकांत गुंतलेले. ते ऐकायला मी टेबलावर एक छोटा कर्णा जोडून घेतला होता. आमचा शिपाई म्हणायचा, हा आवाज ऐकला की दात शिवशिवतात.

माझ्या डब्यावर एक काळं बटणही होतं. ते दाबलं की नदीकाठच्या यंत्रात खट्‌कन आवाज व्हायचा आणि यंत्र त्या घटकेचं पाणी सांगायचं. चाचणीच्या दिवसांत आम्ही यंत्र आपणहून सतत बोलत ठेवलं होतं, त्यामुळे बटण दाबायची गरज पडत नसे. दाबलं तर तिकडे नुसतं खट् व्हायचं, इतकंच.

त्या दिवशी भाद्रपदाचं ऊन पडलं होतं. गणपती होऊन गेले होते. नगरला आभाळ निळं, तिकडे नदीवरही ऊनच होतं असं रावसाहेब म्हणाले. तारेवर सारखी खरखर येत होती, म्हणून त्यांनी राखणदाराला कोयता देऊन खांबांच्या ओळीने पाठवलं. तारेला कुठे बाभळीच्या फांद्या लागतायत ते बघून तोडायच्या. विहिरीची राखण करणारा हा तिथल्याच गावचा, साठीचा गडी. टेलिफोनमधून त्याचं बोलणं मला ऐकू आलं, "रावसाहेब, बाभळी लई वाढल्यात. येळ लागंल बगा मला."

"लागू दे," रावसाहेब म्हणाले आणि मग मला म्हणाले, "बाई, मी खाली उतरून पट्टीने पाणी मोजतो. मशीनचा आकडा आणि खरं पाणी एक आहे का ते एकदा बघून घेऊ. वर आलो की बोलतो. तोवर तुम्ही सूर जुळवा."

स्विच फिरला. सूर सुरू झाले. टेलिप्रिंटरने छापायला सुरुवात केली. पंच्याण्णव. पंच्याण्णव. पंच्याण्णव. म्हणजे विहिरीत पंच्याण्णव सेंटीमीटर पाणी. मी स्क्रू किंचित फिरवला, खरखर थोडी कमी झाली. आकडा तोच. मला बरं वाटलं.

आणि एकदम आकडा उडाला. एकशे तीस, ऐंशी, एकशे दहा, पुन्हा पंच्याण्णव.

मला वाटलं, फांदी तोडताना तार हलली असेल. मी हात मागे घेतला. काही वेळ पंच्याण्णवच येत राहिलं. इतका वेळ, की रावसाहेब आता वर येऊन बोलायला हवे होते. मग आकडा पुन्हा हलला. या वेळी सावकाश. पंच्याण्णव, एकशे दहा, एकशे अठ्ठावीस, एकशे चाळीस, आणि तसाच खाली, पंच्याण्णव. थोडं थांबून पुन्हा वर, पुन्हा खाली. पुन्हा एकदा. मग थांबलं. मग परत तीनदा.

मी कागद फाडून घेतला आणि साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी चष्मा वर करून कागद पाहिला. "लाइन खराब आहे. तो बाभळी तोडतोय ना?"

"लाइन खराब असती तर आकडे कसेही आले असते, साहेब. हे बघा. चढतात, उतरतात आणि दर वेळी बरोबर पंच्याण्णववर येऊन थांबतात. तीनदा होतं आणि थांबतं. नदी असं करत नाही. कोणीतरी फ्लोट हाताने उचलतंय."

"कोण उचलणार? फ्लोट तर खाली विहिरीत..."

आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत राहिलो. रावसाहेबांना वर येता येत असतं तर त्यांनी वर येऊन स्विच फिरवला असता. ते खाली होते, आणि वर येऊ शकत नव्हते. खोलीत स्विच 'आकडे'वर राहिला होता, म्हणजे आम्ही कितीही ओरडलो असतो तरी तिकडे आवाज जाणार नव्हता.

साहेब कडक होते, पण त्या दिवशी त्यांनी एक शब्द वाया घालवला नाही. कचेरीच्या दुसऱ्या टेलिफोनवरून त्यांनी टाकळी ढोकेश्वरच्या पोस्टाला तातडीचा ट्रंक कॉल लावला. पोस्टमास्तर लाइनवर आले. तिथून विहीर काही मैल लांब, बैलगाडीची वाट. पोस्टमास्तर म्हणाले, सायकलवर माणूस पाठवतो, वाटेत भेटतील त्यांना सोबत घ्यायला सांगतो. साहेबांनी शिपायाला घेऊन जीप काढली. जाता जाता दारातून मला म्हणाले, "तुम्ही इथून हलायचं नाही. मशीन सोडायचं नाही."

जीप निघून गेली आणि मी एकटी उरले. ते सूर चालूच होते. आकडा तीनदा चढायचा, उतरायचा, थांबायचा. दर वेळी थांबणं थोडं लांबत होतं. त्या माणसाला कोणी ऐकतंय की नाही हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि सांगायला काही साधन नव्हतं. मी वेड्यासारखी रिसीव्हर उचलून "रावसाहेब, रावसाहेब" म्हणून पाहिलं. माझ्याच कानात सूर किंचाळले.

मग काळ्या बटणाकडे लक्ष गेलं.

तिकडे खट् वाजतं. खोलीच्या फरशीला भोक आहे, उतरायचं झाकण उघडं असणार. विहिरीत ऐकू जाईल का? मी बटण दाबलं. सूर क्षणभर तुटले आणि परत सुरू झाले. पंच्याण्णव. पंच्याण्णव. काही नाही. मी आकडा चढायची वाट बघितली. तीनदा चढला, उतरला. मी तीनदा दाबलं. एक, दोन, तीन.

बराच वेळ काही झालं नाही. मग आकडा चढला, उतरला. चढला, उतरला. आणि थांबला. दोनदा.

मी दोनदा दाबलं.

मग एकदाच चढला. मी एकदा दाबलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि चुकून जास्त वेळा दाबलं जाईल म्हणून मी दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवलं. तो माणूस जिवंत होता आणि त्याला आता कळलं होतं की मला कळलंय.

तेवढ्यात दारात कोणीतरी उभं राहिलं. रावसाहेबांची बायको. त्यांच्या टेबलाच्या खणात रेशनकार्ड राहिलं होतं, ते न्यायला आली होती. धाकटी मुलगी शेजारणीकडे ठेवून आले म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं बोलणं थांबलं.

"काय झालं, बाई?"

मला खोटं बोलता आलं नाही. "वहिनी, रावसाहेब विहिरीत अडकलेत. साहेब गेलेत जीप घेऊन. टाकळीहूनही माणसं निघालीत."

ती खुर्चीचा काठ धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आन् ह्यो आवाज कसला?"

"त्यांचाच. ते फ्लोट उचलतायत. बघा, हा आकडा चढला ना, तो त्यांनी उचलला."

ती कागदाजवळ येऊन वाकली. आकडा चढला तशी तिने तोंडावर पदर दाबून धरला.

त्याच वेळी दुसरा टेलिफोन वाजला. वरच्या अंगाहून, कोतूळकडून, आमच्या पाणी मोजणाऱ्या माणसाचा निरोप होता. घाटात रात्रभर पाऊस झाला होता. नदी तांबडी होऊन दोन्ही थड्या धरून चालली होती. सकाळपासून तो ट्रंक लाइन मागत होता, ती आत्ता मिळाली होती.

मी रिसीव्हर ठेवला आणि कागदाकडे पाहिलं. फ्लोट आता खाली आला की आकडा पंच्याण्णववर थांबत नव्हता. सत्त्याण्णव. मग अठ्ठ्याण्णव. मग एकशे एक.

ऊन तसंच होतं. खिडकीतून किल्ल्याकडचा रस्ता दिसत होता, एक टांगा चालला होता. आणि तिकडे त्या अंधाऱ्या विहिरीत तळाच्या नळातून पाणी येत होतं.

"वहिनी," मी विचारलं, "रावसाहेबांना पोहता येतं?"

"आमच्या पाथर्डीकडं कुठं पवायला पानी हाय, बाई?"

मला त्यांची उंची आठवेना. रोज समोर दिसणारा माणूस, पण तो किती उंच आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं. दारातून आत येताना ते मान थोडी वाकवत, एवढंच आठवत होतं. मी विचारलं तशी वहिनी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिने आपल्या डोक्यावर हात आडवा धरला. "माझ्या डोस्क्याच्या एवढं वर." मी तिथे पेन्सिलीने रेघ मारली. मग त्या रेघेखाली खांदा कुठे येईल, हनुवटी कुठे येईल, याच्या दोन रेघा मारल्या. पट्टीने जमिनीपासून मोजलं. खांदा एकशे पंचेचाळीसला, हनुवटी एकशे पंचावन्नच्या आसपास. ते सरळ उभे असतील तर. ते उभे आहेत की कसे आहेत, हे कोणाला माहीत होतं?

टेलिप्रिंटर छापत होता. एकशे नऊ. एकशे बारा.

वहिनी भिंतीवरच्या रेघांकडे आणि कागदाकडे आळीपाळीने बघत होती. तिला आकडे वाचता येत होते. मला वाटलं, येत नसते तर बरं झालं असतं. एकदा ती म्हणाली, "जीप कुठवर गेली आसंल?" मी म्हटलं, "भाळवणी ओलांडली असेल." खरं म्हणजे मला काहीच कल्पना नव्हती.

फ्लोट उचलणं आता मंद झालं होतं. आधी तो बराच वर जायचा, आता जेमतेम वीतभर. तीनदाऐवजी एकदाच. मी प्रत्येक वेळी उत्तर देत होते. वहिनी म्हणाली, "मी दाबू का?" मी बाजूला झाले. तिने बटणावर बोट ठेवलं आणि मग थांबलीच नाही. खट्, खट्, खट्, न मोजता, घाईघाईने. सूर सारखे तुटत होते, आकडे अर्धवट छापले जात होते. मी तिला अडवलं नाही.

एकशे सव्वीस. एकशे एकतीस. एकशे अडतीस.

एकशे बेचाळीस झाल्यावर उचलणं बंद पडलं.

आम्ही थांबून राहिलो. आकडा नुसता वर सरकत होता, सरळ, एकेक, जसा नदीचा आकडा सरकावा तसा. त्यात माणसाचा हात कुठे दिसत नव्हता. वहिनी माझ्याकडे बघेना. तिने बटण सोडलं नाही, पण आता ती सावकाश दाबत होती. दाबायची, कागद बघायची, पुन्हा दाबायची.

एकशे चव्वेचाळीस. एकशे पंचेचाळीस. भिंतीवरची खालची रेघ गेली. मी खिडकीचे गज धरून उभी राहिले आणि कागदाकडे पाठ केली. तरी कानाला सूर कळत होते. इतके दिवस ऐकून ऐकून मला नुसत्या आवाजावरून आकडा बदललेला समजायला लागला होता.

एकशे अठ्ठेचाळीस असेल, तेव्हा सूर एकदम बेताल झाले. टेलिप्रिंटर खडखडला. तीनशे दहा, साठ, दोनशे, शून्य, आणि मग काहीच नाही. सगळं गप्प. तार तुटली असं मला वाटलं. वहिनी खुर्चीवर बसली नाही, जमिनीवरच बसली.

आणि बऱ्याच वेळाने कर्ण्यातून खरखर ऐकू आली. स्विच 'बोलणे'वर आला होता. कोणीतरी धापा टाकत होतं.

"हालो? हालो? कोन हाय तिकडं? बाई हायेत का?"

राखणदार होता. मी रिसीव्हर उचलला.

"बाई, काढलं वर. रावसाहेबांना काढलं. जित्ते हायेत. पाय मोडलाय, पर जित्ते हायेत."

वहिनीने कर्ण्यातून ते ऐकलंच होतं. ती जमिनीवर बसल्या बसल्याच रडायला लागली, मोठ्याने, लहान पोरासारखी. मी तिच्याजवळ जाऊन बसले, आणि मग मलाही रडू आवरेना.

पोस्टमास्तरांनी पाठवलेला माणूस सायकलवरून येताना राखणदाराला वाटेत भेटला होता. तो खांबांखाली बाभळी तोडतच होता. दोघं पळत सुटले. वाटेतल्या एका मळ्यातून त्यांनी मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, घेतला, मळ्यातली माणसंही सोबत आली. राखणदार स्वतः नाडा कमरेला बांधून खाली उतरला. फ्लोट मधे येत होता म्हणून त्याने तो ढकलला, त्याचेच ते वेडेवाकडे आकडे, आणि त्याच हिसक्याने यंत्र काही वेळ बंद पडलं होतं. साहेबांची जीप पोचली तेव्हा रावसाहेब बाहेर, खोलीच्या भिंतीला टेकून बसलेले होते. संध्याकाळी त्यांना नगरला दवाखान्यात आणलं.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. पाय प्लास्टरमध्ये, हाताची सालं निघालेली, आवाज बसलेला. वहिनी शेजारी स्टुलावर बसून संत्रं सोलत होती.

ते म्हणाले, उतरताना लोखंडी पायरी हातातच निघून आली. दुष्काळात विहीर कोरडी पडली होती, नंतर पाणी आलं, त्यात कुठली पायरी गंजून खाल्ली गेली ते वरून कळत नव्हतं. पडताना फ्लोटला धक्का लागला आणि पाय गुडघ्याखाली मोडला. मधल्या दोन-तीन पायऱ्या त्यांच्याबरोबरच खाली आल्या. बराच वेळ ओरडले. ओरडलं की आवाज विहिरीतच घुमायचा आणि आपलाच आवाज ऐकून जास्त भीती वाटायची. मग समोर तरंगणारा फ्लोट दिसला.

"पहिल्यांदा खट् झालं ना, बाई, तेव्हा मला रागच आला. म्हटलं, मी इथे मरतोय आणि या बाई बटणं दाबून बघतायत. मग तिनाला तीन आले. अहो, काय सांगू तुम्हाला."

त्यांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने मी विचारलं, "शेवटी तुम्ही उचलायचं का थांबवलंत?"

"पाणी खांद्याशी आलं. एका पायावर उभा होतो. वरची एक पायरी हाताला लागत होती, ती दोन्ही हातांनी धरली. सोडली असती तर गेलोच होतो. तुम्हाला सांगायचं कसं, मी अजून आहे म्हणून? त्याचंच वाईट वाटत होतं." मग ते वहिनीकडे बघून म्हणाले, "मधेच कोणीतरी घाईघाईने दाबायला लागलं. ना मोजणं, ना थांबणं. मला शंका आलीच होती. म्हटलं, ही इथे कुठून आली?"

वहिनी संत्र्याची फोड त्यांच्या हातात देत म्हणाली, "खावा आता गप."

रावसाहेब कामावर परत आले ते काठी घेऊन. पुढे काठी सुटली, पण चालताना पाय जरा ओढायचा तो ओढायचाच. विहिरीच्या पायऱ्या साहेबांनी आठवड्याभरात सगळ्या नव्या बसवून घेतल्या, आणि वर माणूस उभा असल्याशिवाय कोणी खाली उतरायचं नाही असा हुकूम काढला. यंत्र तो पावसाळा नीट चाललं. त्या वर्षी मुळेला आणखी दोन पूर आले, दोन्हींचे आकडे मी बसून छापून घेतले आणि खालच्या धरणाकडे कळवले. मला यंत्र जळायची भीती वाटायची ती त्या दिवसापासून पार गेली. झाकण काढताना आता श्वास रोखावा लागत नसे. भीती दुसरीकडे जाऊन बसली होती. आकडा नुसता चढत असला, सरळ, एकेक, की माझ्या तोंडाला कोरड पडायची. बाजूला बसलेल्याला वाटे, बाईंना पुराची काळजी आहे. भिंतीवरच्या रेघा मी पुसल्या नाहीत. दिवाळीच्या आधी कचेरीला चुना लागला, त्यात त्या गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि नदीकाठचा डबा जळून गेला. खुलासा साहेबांनी लिहिला, दिल्लीहून एका ओळीचं उत्तर आलं. दुसरा डबा यायला काही वर्षं लागली. तोवर मी कायम झाले होते, आणि नंतरच्या नोकरीत मी असे कितीतरी डबे जुळवले, वेगवेगळ्या नद्यांवर, वेगवेगळ्या माणसांबरोबर. स्विच 'आकडे'वर न्यायच्या आधी मी प्रत्येकाला विचारत असे, "तुम्ही आत्ता कुठे उभे आहात? सोबत कोण आहे?" नवीन पोरांना हा प्रश्न विचित्र वाटायचा. एकदा कोपरगावच्या बाजूचा एक इंजिनियर हसून म्हणाला, "मॅडम, खुर्चीवर बसलोय, चहा पितोय. शिपाईपण आहे सोबत."

"मग ठीक," मी म्हटलं. "करा चालू."